पाचवं दार

नियम असा: चढणीच्या तोंडाशी उभं राहायचं,
डाव्या हाताची घरं मोजायची, पाचवं दार वाजवायचं.
उघडलं, तर विचारायचं,
या घरात सगळ्यात अलीकडे वाढदिवस कुणाचा झाला?
त्याच्याशीच बोलायचं.
स्वयंपाकघरातून कुणी ओरडून उत्तर दिलं, तर ते धरायचं नाही.

यास्ना हे करते
वाल्पाराइसोच्या टेकड्यांवर, जिथे गल्लीचा मध्येच जिना होतो
आणि डावा हात कुठला, हे तिथल्या कुत्र्यांनाही ठरवता येत नाही.

मी खाली, बंदराजवळच्या कचेरीत.
माझं काम यास्नावर अविश्वास ठेवण्याचं.
दहातल्या एका घरी फोन करायचा:
मंगळवारी आमची बाई आली होती का?
कपड्यांच्या पावडरीबद्दल विचारलं का?
महागाईबद्दल? घटस्फोटाबद्दल?
बाहेरदेशातून येऊन शेजारी राहिलेल्यांबद्दल?

मुलाखत बावीस मिनिटांची.
टॅब्लेट म्हणत होता, एक तास बेचाळीस.
मला वाटलं, सापडली.
पायरीवर बसून एकटीनंच भरली असतील पाचसहा घरांची मतं.
असतात असे. गेल्या वर्षी एका पठ्ठ्यानं
अख्खी टेकडी समाधानी करून टाकली होती.

फोन नेलिदा ओयार्सून यांनी उचलला. वय चौऱ्याहत्तर.
आली होती, म्हणाल्या. बूट ओले होते पोरीचे,
मी ते शेगडीजवळ ठेवले.
पावडर कुठली वापरता, म्हणाली. म्हटलं, स्वस्त असेल ती.
मग पर्याय वाचून दाखवायला लागली.
नेहमी. बहुतेक वेळा. कधी कधी. क्वचित.
वाचू दिलं. आवाज चांगला आहे तिचा.

मग सतरावा आला:
बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो,
की सावधच राहिलेलं बरं?
मी बोलून गेले, सावध.
आणि लगेच डोळ्यांपुढे आला
तो गॅसची टाकी आणणारा. एकशे अठरा पायऱ्या खांद्यावरून.
पैसे नसले तर म्हणतो, शुक्रवारी द्या,
आणि शुक्रवारी स्वतःच विसरतो.
त्याला मी सावधमध्ये टाकलं हो.

तोवर ती अठराव्यावर. म्हटलं, मागे चल.
म्हणाली, मागे जाता येत नाही, यंत्र कुलूप घालतं.
मग काय, बसलो दोघी. बूट सुकेपर्यंत.
तिनंही सांगितलं काही, ते तुम्हाला सांगणार नाही.

पण तुम्ही वरचे साहेब ना?
मग सतरा तेवढा बदला.

माझ्यापुढे चौकटी चार:
आली होती. आली नव्हती. आठवत नाही. बोलण्यास नकार.

पाचामुखी परमेश्वर म्हणतात.
आमच्याकडे बाराशे मुखं, अधिक-उणे तीन टक्के.
शिवाय वजनं.
नेलिदाबाईंच्या वयाच्या बायका दुपारी हमखास घरी सापडतात,
म्हणून त्यांचं एकेक मत शून्य पूर्णांक सात.
पंचविशीतला पोरगा दार उघडत नाही.
जो एखादा उघडतो, तो अडीच माणसांइतकं बोलतो,
तोंडात पावाचा घास असला तरी.

मी म्हटलं, बघतो.
हे आम्ही सगळ्यांना म्हणतो.

पहिल्या चौकटीत खूण केली.
यास्नाला पैसे बावीस मिनिटांचे मिळाले.

गुरुवारी आकडा बाहेर पडला:
चौऱ्याऐंशी टक्के लोक म्हणतात, सावधच राहिलेलं बरं.
टीव्हीवर दोन विद्वान त्यावर भांडले,
एकानं भीतीचं वातावरण म्हटलं, दुसऱ्यानं शहाणपण.

त्या चौऱ्याऐंशीत कुठेतरी
शून्य पूर्णांक सात बाई
कडी काढून दारात उभी आहे,
खालच्या वळणावर टाकीचा आवाज येतो का, ऐकत.